भिंतीला विचारणारी बघू मावशी

गावात तिला सगळे 'बघू मावशी' म्हणत. शेळी विकायची असो की रानात काय पेरायचं ते ठरवायचं असो, तिचं उत्तर एकच, "बघू. भिंतीला इचारते अन् सांगते." एका शेळीपायी पालमच्या गिऱ्हाइकानं तिच्या दारात इतके हेलपाटे घातले की शेळीसुद्धा त्याला ओळखायला लागली होती. लोक हसायचे. एकटी राहून बाई येडी झालीय म्हणायचे.

मी या गावात सून होऊन आले आणि थोड्याच दिवसांत मला त्या भिंतीचा उलगडा झाला. मावशीचं घर आमच्या घराला पाठ लावून होतं. मधली मातीची भिंत दोन्ही घरांत सामाईक, आणि तिच्यात दिवा ठेवायला एक आरपार देवळी. दिवेलागणीला सासूबाई दिवा ठेवायला गेल्या की तिथंच टेकायच्या. मग पलीकडून हलकेच आवाज यायचा, "अक्का, शेळीचं काय करू?"

"आत्ता देऊ नको. गाभण हाय म्हणतीस ना? आधी विऊ दे की."

अशी ही मावशीची भिंत. आमच्या घरात ज्यांना भाजीत मीठ किती घालू एवढंही कुणी विचारत नसे, त्या माझ्या सासूबाई देवळीपाशी बसून पलीकडचं अख्खं घर चालवत होत्या. तेवढ्या वेळात त्यांचा आवाजच वेगळा लागायचा.

तुम्ही म्हणाल, उठून भेटायला जायचं की! पण दोघींची दारं दोन गल्ल्यांत. चावडीवरून, बसलेल्या पुरुषांसमोरून वळसा घ्यायचा तर काही निमित्त हवं. मावशीला कुंकू नव्हतं, म्हणजे हळदीकुंकवाचीही सोय नाही. त्यांना ती देवळीच बरी होती.

निजामावरचं पोलीस ॲक्शन होऊन गेलं, गाव जरा निवांत झालं, तशी लोकांना घरं बांधायची हौस आली. आमच्याकडे नवी नवरी म्हणजे मी, आणि निजायला माजघर, तेही सगळ्या गोतावळ्यात. मी तोंड फुगवून असायची. शेवटी मामंजींनी माडी घालायचं काढलं. गवंडी म्हणाला, ही भिंत माडी पेलायची नाही, पाडून विटांची घ्या. सामाईक भिंत, त्यामुळे मावशीचा होकार पाहिजे. आमच्या गल्लीत दोन भाऊ अशाच भिंतीवरून वर्षानुवर्षं भांडत राहिले आणि एका पावसाळ्यात भिंतच कंटाळून खाली बसली. इथं तर बघू मावशी. मला वाटलं, माडी होईपर्यंत आपले केस पिकतात.

मामंजी पंचांना घेऊन तिच्याकडे गेले. मागून पदर सावरत सासूबाई आणि मी. बैठक लांबणार म्हणून पंचांनी ऐसपैस बसून तंबाखू मळायला घेतली. मामंजींनी विषय काढला. मावशीनं माझ्याकडे पाहिलं.

"या लेकराला खोली पायजे, एवढंच ना? पाडा."

"भिंतीला इचारा की मावशी," एक पंच हसत म्हणाला.

"तिलाच पाडायलाव अन् तिलाच इचारू व्हय?"

तंबाखू मळून व्हायच्या आत करारावर तिचा अंगठा उठला. भांडण मिटवायला आलेले पंच हिरमुसले होऊन घरी गेले. सासूबाई सगळा वेळ जमिनीकडे बघत होत्या.

भिंत चढू लागली तेव्हा गवंड्यानं विचारलं, देवळी ठेवायची का. मामंजी म्हणाले, "पक्क्या भिंतीला भोक कशाला?" मग ते काम तिथंच मिटलं. माडी झकास झाली. वारा लय यायचा.

आणि बघू मावशीचं 'बघू' गेलं. कुणी काही विचारलं की लगेच "हो, घ्या." शेळ्या गेल्या, रानाचा तुकडा गेला. लोक म्हणाले, म्हातारी शहाणी झाली. मग गंगाखेडला दुकानात कामाला असलेला तिचा मुलगा आला आणि म्हणाला, घर विकू, माझ्याकडं चल. ती उभ्याउभ्याच हो म्हणाली.

जायच्या दिवशी बैलगाडी आमच्या गल्लीनं आली. मावशी उतरली, माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "माडीवर सुखानं राहा, माय." दारात दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मी या घरात आल्यापासून त्यांना समोरासमोर बोलताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्या बोलल्या नाहीत. गाडी गेली. मावशी पुन्हा कधी गावात आली नाही.

त्या संध्याकाळी सासूबाई दिवा हातात घेऊन नव्या भिंतीपाशी गेल्या. ठेवायला जागा नव्हती. दिवा जमिनीवर ठेवून त्या टेकून बसल्या.

"जाऊ नको म्हणले असते मी," त्या म्हणाल्या. "पोराच्या घरी तिचं मन लागायचं न्हाई."

"मग दारात उभ्या होतात तेव्हा का नाही म्हणालात?"

त्यांनी विटांवरून हात फिरवला.

"तिनं इचारलंच न्हाई ना."