पाचव्या ओवरीतला पट

गुरुवारी सकाळी पूजा आटोपून सहाण धुवत होतो, तेव्हा पुणतांब्याहून याकोबचा फोन आला.

"गुरुजी, रविवारी घाटावर बैठक हाय. राहिलेल्या दोन ओवऱ्या पाडायचं घाटतंय. येता का?"

याकोब हा तेथील गवंडी. चुन्याचे बांधकाम वडिलांकडून शिकलेला, आणि आता बहुधा त्या पंचक्रोशीतला ते जाणणारा शेवटचाच. ओवरी म्हणजे घाटाला लागून असलेली, समोरून कमानीने उघडी अशी दगडी खोली. यात्रेकरूने नदीवर स्नान करावे, ओवरीत शिदोरी सोडावी, ऊन उतरले की पुढे निघावे, यासाठी ती बांधलेली. गोदावरीच्या एका लहान घाटावर अशा पाच ओवऱ्या. त्या जशा आहेत तशा राहाव्यात म्हणून माझे स्नेही तात्या आणि मी पंधरा वर्षे खेटे घातले. तात्या चित्रकलेचे शिक्षक; ते मापे घेत, नकाशे काढत, आणि मी अर्ज लिहीत असे. गेल्या मार्गशीर्षात तात्या गेले. पाचांपैकी तीन ओवऱ्या त्याआधीच हातच्या गेल्या होत्या. ते कसे घडले, हे पुढे सांगावेच लागेल.

याकोबला 'येतो' म्हणालो खरा. पण तात्यांशिवाय हा प्रवास मी कधी केला नव्हता.

रविवारी पहाटेची संध्या उरकून भिंगारहून रिक्षाने नगरच्या स्थानकावर आलो. जाऊ इच्छिणाऱ्यांनी राहुरीमार्गे श्रीरामपूरची एस.टी. धरावी. रस्त्याची अवस्था अशी की पाठदुखी असणाऱ्याने चाकावरची जागा कटाक्षाने टाळावी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस तिकीट लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ असावे. वाहकाने माझे कार्ड पाहिले आणि खिडकीकडे बोट केले.

"बाबा, खिडकीला सरका की. रिकामीच हाय."

खिडकी नेहमी तात्यांची. मी सवयीने कडेला बसलो होतो. "राहू द्या," म्हणालो. राहुरीपर्यंत ती जागा रिकामीच राहिली.

श्रीरामपूरला स्थानकाबाहेर गुळाचा चहा चांगला मिळतो. मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. एकट्याने खाताना दोन दशम्याही पुष्कळ झाल्या. पुढे पुणतांब्याला वडापची जीप. भाडे किरकोळ, परंतु अकरावा प्रवासी आल्याशिवाय ती हलत नाही, हे गृहीत धरून वेळ ठेवावा.

"शिर्डीला का, बाबा?" चालकाने विचारले.

"पुणतांब्यालाच."

"कोन हाय तिथं तुमचं?"

"एक ओवरी आहे," मी म्हणालो.

"म्हंजी जागेचा वाद हाय म्हना!" तो हसला, आणि जीपमधील सगळेच माझ्याकडे सहानुभूतीने पाहू लागले. कुणी एकाने चांगला वकीलही सुचवला.

घाटावर पोहोचलो तेव्हा ऊन तापले होते. पहिल्या तीन ओवऱ्यांना गुलाबी ऑईलपेंट, आत चकचकीत फरशी, दारात स्टीलचा कठडा. चौथीच्या छतातून पिंपळाचे मूळ उतरलेले. पाचवी काळी, थंड, आणि पारव्यांच्या घुमण्याने भरलेली. तिच्या जोत्याच्या दगडावर नवकंकरीचा पट कोरलेला आहे: एकात एक तीन चौकोन, मध्यावर जोडलेले. ऊन उतरेपर्यंत वाट पाहणाऱ्या कुणा वाटसरूने तो छिन्नीने काढला असावा. मापे घेऊन झाली की तात्या आणि मी तेथे खेळत असू. त्यांचे नऊ चिंचोके, माझे नऊ खडे. तात्या सरळमार्गी गृहस्थ, पण पटावर बिनदिक्कत लबाडी करीत.

या खेपेस त्यांचे चिंचोके मी पिशवीतून आणले होते. ते मांडले. माझे खडेही मांडले. नंतर दोन्ही उचलून ठेवले.

याकोब आला आणि मला तिसऱ्या ओवरीच्या भिंतीशी घेऊन गेला. रंगाला फोड आले होते. त्याने नखाने रंगाचा आणि त्याखालच्या सिमेंटचा पापुद्रा काढला. आत दगड ओला होता, आणि बोट लावताच त्याची भुकटी पडली.

"सिमिट वरून गच्च बसलं. आतली ओल जाणार कुठनं? चुना असता तर दगडानं श्वास घेतला असता. आता आतल्या आत कुजतोय."

चार वाजता बैठक भरली, ती त्याच चकचकीत फरशीवर. उत्सव समितीचे अण्णा मुद्द्याचे बोलले: चौथीचे छत कधीही कोसळेल, पंगतीला जागा अपुरी पडते, दोन्ही पाडून वर स्लॅब टाकला की प्रश्न मिटला. मग मी उभा राहिलो. तीर्थाचे माहात्म्य सांगितले, पूर्वसूरींच्या कृती मोडण्यातला दोष सांगितला. श्रोते माना डोलवीत होते. अशा डोलणाऱ्या माना मी प्रवचने करताना आयुष्यभर पाहिल्या आहेत.

तेवढ्यात पंगतीचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या हौसाबाई पदर खोचून उठल्या.

"गुरुजी, रागावू नका. पण त्या साली सप्त्यात तुमीच सांगितलं हुतं, जुनं देवस्थान उजळलं तर नवं बांधल्यापरीस जास्त पुन्य. आमी बायांनी डोक्यावर वाळू वाहिली. ही फरशी आमी बसवली. आन् आता तुमीच नावं ठेवता व्हय?"



त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सप्ताहात मी जीर्णोद्धाराचे पुण्य तासभर वर्णिले होते. शब्दाची फोड केली, दाखले दिले. परंतु तो कशाने करावा, कोणत्या हाताने करावा, याविषयी अवाक्षर काढले नाही, कारण तेव्हा मलाच ठाऊक नव्हते. माझ्या श्रोत्यांनी ऐकले आणि आचरणातही आणले. तात्या त्या दिवशी शेवटच्या रांगेत होते. परतताना इतकेच म्हणाले, "आज फार गोड बोललात." मी ती स्तुती समजलो होतो.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "तुमची नाही. मी पुण्य सांगितले, काम सांगितले नाही."

यापुढे पाठ असलेले काहीच उपयोगाचे नव्हते. मी सर्वांना पाचव्या ओवरीत नेले आणि धोतराच्या सोग्याने जोते पुसले. हौसाबाई वाकून पाहू लागल्या.

"आगं बया, नवकंकरी! पोरी हुतो तवा धुणं वाळेपरत हितंच खेळायचो." मग त्यांचा आवाज उतरला. "तिसरीत बी हुती की. आमी तिच्यावर फरशी घातली. ह्ये बी जपायचं असतंय, आमाला कुनी सांगितलंच न्हाई."

निर्णय झाला तो असा. चौथी वाचणार नाही. छत खरोखरच धोक्याचे आहे. तिचे दगड मात्र फोडायचे नाहीत, रचून ठेवायचे. पाचवीच्या सांध्यांत याकोब चुना भरील. आणि एक अट हौसाबाईंची:

"दर महिन्याला या आन् कामावर बसा. तुमी येताय तवर ओवरी राहील. न्हाई आला, तर अण्णा हायेतच फरशी घिऊन."

सगळे हसले, अण्णाही. नंतर हौसाबाईंनी माझ्यासमोर बैठक मारली, तात्यांचे चिंचोके घेतले आणि मला दोनदा हरवले. "गुरुजी, तुमाला आपली पोथीच बरी!"

मुक्काम याकोबकडे केला. जेवणापूर्वी त्या घरी प्रार्थना झाली, मी मनात माझा श्लोक म्हटला. दोन्ही आटोपेपर्यंत पिठले निवले, पण भाकरी गरम होती. सोमवारी सकाळी निघताना चौथीकडे पाहून हात जोडले. दुसरे काय करणार?

आता भिंगारला घरी बसून हे लिहितो आहे. माझी पुतणी ते अनुदिनीवर, म्हणजे ब्लॉगवर, चढवील. पिशवी रिकामी केली, चिंचोके देव्हाऱ्याजवळ ठेवले, पंचांगात पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी खूण केली. त्यापुढील महिन्यांतही करू लागलो, आणि मध्येच थांबलो. वय अठ्ठ्याहत्तर. दगडाला आणखी दोनशे वर्षे काही होणार नाही. पण त्याचे आयुष्य आता माझ्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. मी इतके अर्ज लिहिले, पण माझ्यानंतर कोण, हे एकाही अर्जात लिहिले नाही.

म्हणून वाचकहो, कधी शिर्डीला किंवा श्रीरामपूरला गेलात, तर थोडी वाट वाकडी करून महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पुणतांब्याला या. येताना नऊ खडे खिशात असू द्या. चिंचोके माझ्याकडे आहेत. मी पाचव्या ओवरीत, जोत्याच्या एकाच बाजूला बसलेला असेन.