पडेगावचे गठ्ठे सिमेंटच्या भट्टीपर्यंत

पडेगावच्या केंद्रातून ट्रक निघाला तेव्हा नुकतं उजाडत होतं. शहरात जड वाहनांना बंदी लागायच्या आत छावणी आणि क्रांती चौक मागे टाकायचा होता. केबिनमध्ये आम्ही तिघं होतो. चालक रफिकभाई, मधे मी आणि खिडकीशी कडूबाई मावशी. मागे ताडपत्रीखाली छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांतून आलेल्या सुक्या कचऱ्याचे गठ्ठे होते. वेफर्सची पाकिटं, तुटक्या चपला, चिंध्या, मसाल्याच्या पिशव्या. भंगारवालासुद्धा ज्याला हात लावत नाही असा सगळा माल. तो यवतमाळ-वणीच्या पलीकडे एका सिमेंट कारखान्यात जातो आणि तिथल्या भट्टीत कोळशाच्या जोडीनं जळतो.

हा माल आम्ही बायका निवडतो. मी पूर्वी पाठीवर गोणी घेऊन वस्त्यांतून कचरा वेचायचे. आता त्याच केंद्रावर मुकादम आहे आणि माझ्या हाताखाली चाळीस बायका आहेत. त्या सगळ्यांचं काम या एका ट्रकवर टांगलेलं होतं. कारण आधीचे दोन ट्रक कारखान्यानं परत पाठवले होते. मालात क्लोरीन जास्त निघतंय, असं पत्रात लिहिलं होतं. तिसऱ्यांदा तसंच झालं तर माल घेणं बंद. मग केंद्रालाही कुलूप लागणार, हे आमच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

क्लोरीन म्हणजे पाइप, वायरीचं आवरण, रेग्झिन असल्या प्लास्टिकमधून येतं, एवढं मला प्रशिक्षणात कळलं होतं. कडूबाई मावशींच्या टेबलावर एकदा पाइपाचा तुकडा सापडला. मावशींची नजर हल्ली अधू झाली आहे. मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले, टेबलावरून उठवलं आणि हातात झाडू दिला. त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी ट्रकबरोबर जाणार आहे हे कळल्यावर मात्र समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्या बी येणार," त्या म्हणाल्या. "माझं काय चुकलं ते मला बघायचंय."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून आता आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून बसलो होतो आणि मावशींची नजर खिडकीबाहेर होती.

जालन्याच्या अलीकडे चहा झाला. सिंदखेडराजा मागे पडल्यावर एका झाडाखाली भाकरी सोडली. मावशींनी वांग्याचं कोरड्यास (भाकरीबरोबरची भाजी) आणलं होतं. त्यांनी अर्धं रफिकभाईंना दिलं, अर्धं माझ्या भाकरीवर ठेवलं, तेही माझ्याकडे न बघता. माळावर काळी रानं पसरली होती. कापूस वेचून झालेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून बांधाबांधावर रचून ठेवली होती. वारा सुटला होता. मेहकर ओलांडलं आणि तासाभरानं रफिकभाईंनी नाक वर केलं.

"ताई, कुछ तो जळू राहिलं."

आरशात बघितलं तर ताडपत्रीच्या मागच्या टोकातून धुराची बारीक रेघ निघत होती.

त्यांनी ट्रक बाजूला घेतला. रस्त्याच्या कडेलाच कुणाच्या तरी शेतात पऱ्हाट्यांचा ढीग होता, घराएवढा उंच. एक ठिणगी तिथवर उडाली असती तर पुढचं सांगायला नको. रफिकभाईंनी उडी मारून पाण्याचा कॅन उचलला. मी त्यांचा हात धरला.

"पाणी नको! ओला माल ते घेणार नाहीत."

"ताई, गाडी जळाली तर मालकाला काय तोंड दाखवू मी?" ते ओरडले.

आमच्या या ओढाताणीत मावशी कधी वर चढल्या ते कळलंच नाही. त्यांनी ताडपत्रीची दोरी सोडली आणि गठ्ठ्यांवर गुडघे टेकून एकेका गठ्ठ्यावर तळहात ठेवत पुढे सरकू लागल्या. "हा नाय. हा बी नाय. हा कोमट हाय, पण आतून नाय." धूर त्यांच्या तोंडावर येत होता. खोकत खोकत त्या मागच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि ओरडल्या, "ह्यो! इस्तू (विस्तव) ह्याच्या पोटात हाय!"

आम्ही तो गठ्ठा हुकानं ओढून खाली पाडला. पट्टी तुटली, गठ्ठा फुटला आणि आतून लाल निखारा भसकन फुलला. रफिकभाईंनी फावड्यानं माती लोटायला सुरुवात केली, मी हातांनीच. एवढ्यात रस्त्यावर दोन मोटारसायकली थांबल्या. चार माणसं उतरली. पुढच्याच्या हातात काठी होती.

"कुठचा कचरा हाय हा? इथं फेकाले आणला का?"

"फेकत नाही, दादा. आग लागलीय, विझवतोय," मी म्हणाले.

"शहराची घाण आमच्या वावरात कायले? गाडी काढा आधी!"

गाडी काढली असती तर वाऱ्यानं शेजारच्या गठ्ठ्यांतली धग पेटली असती. मी ते सांगायचा प्रयत्न केला, पण तो ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. काठी ट्रकच्या पत्र्यावर आपटत होता. तेव्हा मावशी वरूनच बोलल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"बाबा, तुझा पऱ्हाटीचा ढीग दिसतोय मला. तो जळू नये म्हनून तर म्या इथं बसलेय. शिव्या मागून दे. आधी फावडं असंल तर आण."

त्या माणसानं ढिगाकडे वळून बघितलं. मग काठी टाकून शेताकडे पळाला. परत आला तो पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत त्यानं ट्रकवरच्या शेजारच्या गठ्ठ्यांवर पिचकारी सोडलीसुद्धा. "साधं पानी हाय, बाई, औषध नाही," असं मलाच समजावत होता. त्याचा हेतू इतका चांगला होता की मला रागावताही येईना.

आग विझली. राखेत एक फुगून फाटलेली मोबाइलची बॅटरी सापडली. ती कुणाच्या हातून सुटली ते शोधायला आता अर्थ नव्हता. जळका गठ्ठा मातीसकट गोणीत भरून आम्ही परत ट्रकवर ठेवला, कारण तो तिथं सोडायचा नाही असं आम्ही त्या माणसाला कबूल केलं होतं. सहा गठ्ठे मात्र चिंब झाले होते.

रफिकभाई हळूच म्हणाले, "ताई, ओले गठ्ठे खाली दाबून टाकू. वरून कोण बघतं?"

मी होकारार्थी मान हलवली. खरं तर मलाही तेच सुचलं होतं. पण मावशी गठ्ठ्यांवरून उतरल्याच नाहीत.

"ओले वर ऱ्हातील," त्या म्हणाल्या. "दिसू दे त्यांना. म्या नजरेनं चुकले असंल, लबाडीनं नाय."

ओले गठ्ठे वर, मागच्या बाजूला वेगळे रचले.

दिवस मावळताना यवतमाळ गाठलं. गाडीतळाशेजारच्या खाणावळीत वाढणाऱ्या बाईंनी सांबारवडी आणली. मावशींनी वासावरून ओळखलं, "ही तर कोथिंबीर!" त्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. रफिकभाई हसले, मीही हसले. मावशींनी वडी खाल्ली आणि भाजलेल्या तळहातावर खोबरेल चोळत बसल्या. मी चोळून देते म्हणाले. त्यांनी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी वणीच्या पुढे रस्ताच काळा झाला. कोळशाचे ट्रक, कोळशाची धूळ, झाडांची पानंही काळी. मग नदी ओलांडली आणि धुळीचा रंग राखाडी होत गेला. लांबून कारखान्याचा मनोरा दिसला, पाच-सहा पाण्याच्या टाक्या एकावर एक ठेवाव्यात तसा. फाटकाबाहेर रांग होती. भट्टीत जाळायला आणलेल्या पऱ्हाटीचे ट्रॅक्टर, भाताच्या तुसाचे ट्रक आणि त्यांच्यामध्ये आम्ही.

प्रयोगशाळेच्या देवगडे मॅडम बाहेर आल्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील. मी ओल्या गठ्ठ्यांचं आणि आगीचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं.

"असं कोणी आधी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "ते सहा बाजूला काढा. बाकीच्यातून नमुना घेते."

तपासणीला वेळ होता. तोवर त्यांनी आम्हाला भट्टी दाखवली. जमिनीला समांतर पडलेली लोखंडी नळी, आत ट्रक शिरेल एवढी मोठी, आणि ती सावकाश फिरत होती. निळ्या काचेतून आत बघितलं. ज्वाळा अशी दिसत नव्हतीच, नुसता पांढरा उजेड होता आणि त्यात दगड लोण्यासारखे मऊ होऊन लोळत होते. वरच्या पट्ट्यावरून कापलेला कचरा मनोऱ्यात पडत होता. त्याची राखही वाया जात नाही, ती सिमेंटमध्येच मिसळते, असं मॅडमनी सांगितलं.

"म्हंजे आपण निवडलेलं लोकांच्या भिंतीत जातं व्हय?" मावशींनी विचारलं.

"हो ना जी. पण क्लोरीन असलं की वर मनोऱ्यात थर धरतो. वाट बंद पडते. मग आमच्या माणसांना वर चढून तो गरम थर फोडावा लागतो. मागच्या वेळी एकाचा हात भाजला."

मावशींनी आपला तळहात पदराखाली घेतला.

नमुन्याचा कागद घेऊन मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. क्लोरीन मर्यादेच्या वर होतं. "माल घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. मी भिंतीला टेकले. चाळीस घरांमध्ये जाऊन हे कसं सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मावशी मात्र टेबलापाशी गेल्या. "बाई, कोणत्या वस्तूत हाय ते दाखवा. त्याबगर म्या हलत नाय."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग तांब्याची तार घेतली आणि बर्नर पेटवला. तार लाल केली, प्लास्टिकला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. "क्लोरीन असेल तर ज्योत हिरवी होईल." नमुन्याच्या टोपलीतून मावशी एकेक वस्तू काढून देत होत्या. वेफरचं पाकीट, ज्योत पिवळी. मसाल्याची पिशवी, पिवळी. चपलेचा तळ, पिवळी. मग मावशींनी टोपलीत हात घालून औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं, एका बाजूला चंदेरी, दुसऱ्या बाजूला काचेसारखं फुगीर प्लास्टिक.

ज्योत हिरवीगार झाली.

मॅडमनी दुसरं पाकीट घेतलं. हिरवी. टोपली उपडी केली तर तशी मूठभर पाकिटं निघाली.

"ही कोण टाकतं यात?"

कोणती वस्तू कुठल्या ढिगात घालायची, तो केंद्राच्या भिंतीवरचा तक्ता मीच लिहिला होता. गोळ्यांची पाकिटं विकली जात नाहीत, धातू आणि प्लास्टिक वेगळं करता येत नाही, म्हणून मीच त्यांना जाळायच्या बाजूला घातलं होतं. तेव्हा मावशींनी विचारलंही होतं, "हे कडक हाय, पाइपासारखं. येगळं ठेवायचं का?" मी म्हणाले होते, तक्त्यात लिहिलंय तसं करा.

मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर मी तिथंच उघडी पडले असते. त्या बोलल्या नाहीत.

"चुकून येत असतील," मी म्हणाले.

मॅडमनी पत्रावर लिहून दिलं की कारण सापडलं आहे, माल बंद करण्याआधी पुढचा एक ट्रक तपासून बघू. ट्रक भरलेलाच परत फिरला.

येतानाचा रस्ता मला फारसा आठवत नाही. यवतमाळला मुक्काम केला, मेहकर मागे गेलं, शहरात जड वाहनांना बंदी म्हणून रात्र जालन्याला काढली. मावशी खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. दोनदा मी तोंड उघडलं आणि दोनदा रफिकभाईंना चहाचं विचारलं.

पडेगावला पोचलो तेव्हा सकाळ होती. बायका फाटकाशी जमल्या. ताडपत्री तशीच फुगलेली बघून माल परत आल्याचं सगळ्यांना कळलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मावशीच्या टेबलाचाच माल असंल."

मावशी तेव्हा केबिनमधून उतरत होत्या. त्यांच्या पायाला पायरी सापडत नव्हती. मी त्यांना हात दिला आणि त्याच पायरीवर उभी राहिले.

"चूक मावशींची नाही," मी म्हणाले. "गोळ्यांची पाकिटं जाळायच्या मालात घालायला मी सांगितलं. मावशींनी मला टोकलं होतं, मी ऐकलं नाही. आणि वर सगळ्यांसमोर त्यांच्या हातात झाडू दिला. कारखान्यातही खरं बोलले नाही. आता बोलतेय."

मावशींनी पदर खोचला.

"झालं बोलून? मग दोऱ्या सोडा. ऊन चढायच्या आत पाच-धा गठ्ठे तरी फोडू."

तो माल पुन्हा निवडायला आम्हाला चार दिवस लागले. मावशी त्यांच्या टेबलावर बसल्या, मी त्यांच्या शेजारी. त्या बोटांनी ओळखायच्या, मी नजरेनं. तोच ट्रक रफिकभाई पुन्हा घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, "ताई, माल उतरला." बायकांनी आरडाओरडा केला. मला खरं तर रडू येत होतं.

इतकी वर्षं मी गठ्ठे रवाना करत होते, आणि ते कुठं जातात, तिथं कुणाचा हात भाजतो, हे बघायला एकदाही गेले नव्हते. मावशी बरोबर नसत्या तर गेले असते आणि न बघताच परत आले असते.

परवा जेवताना मी त्यांना विचारलं, "मावशी, त्या मॅडमसमोर तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

त्यांनी घास संपवला, मग म्हणाल्या, "त्या बाईला कळून काय उपेग होता? झाडू तू मला हितं दिला होता, ह्या बायांपुढं. त्यांना कळाया पायजे होतं. अन् म्या सांगून ते खरं वाटलं नसतं."

एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला आणि हात धुवायला उठल्या.