खालच्या गल्लीचा नकाशा

तिघी बहिणींतली ती दुसरी, म्हणून घरात आणि पुढे साऱ्या गल्लीत तिचं नाव मधलीच पडलं. खाडीकाठच्या खालच्या गल्लीत ती शिवणाचे वर्ग घ्यायची. निम्म्या बायका तिच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यामुळे तीन विद्यापीठांची आणि नगरपालिकेची माणसं मिळून वाढत्या समुद्राचा अभ्यास करायला आली, तेव्हा घरोघरी न्यायला त्यांनी मधलीलाच कामावर घेतलं.

अनोळखी माणसांना कोण काय सांगणार? पण मधली सोबत असली की दारं उघडायची. "मोकळेपणी बोला, आपल्याच भल्याचं आहे," ती म्हणायची. तिच्या ताईने तर भरतीचं पाणी कुठवर चढतं ते चौकटीवर बोट ठेवून दाखवलं, वर सगळ्यांना चहा पाजला.

वर्षभराने कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा लागला. बांध घातला तर पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत घुसणार, नाही घातला तर खालची गल्ली बुडणार. सगळ्या अभ्यासकांचं एकमत झालं: गल्ली हलवावी.

"मॅडम, हे लोकांना कधी सांगायचं?" मधलीने विचारलं.

"सगळ्या संस्थांची मान्यता आली की. तोवर बाहेर एक शब्द नको," प्रमुख संशोधक म्हणाल्या. "अर्धवट कळलं तर घबराट होईल."

त्यांचंही काही चूक नव्हतं. मधलीने मान डोलावली.

त्याच आठवड्यात ताईने नवा ओटा बघायला बोलावलं. भाऊजी फरशीचा तुकडा हातात धरून विचारत होते, "भिंतीला हा रंग बरा दिसेल ना?"

मधलीने चहाचा कप खाली ठेवला. "भाऊजी, काम थांबवा," ती एकदम बोलून गेली. मग सगळंच सांगून टाकलं.

ताईने भाऊजींच्या हातातला फरशीचा तुकडा काढून घेतला. "म्हणजे पाणी कुठवर येतं ते मी दाखवलं, म्हणून माझं घर जाणार?"

"घर पाण्यामुळे जाणार आहे, ताई. तू दाखवलंस म्हणून नाही."

"पाणी गोड बोलून घरात आलं नव्हतं. तू आलीस."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी माणसं कार्यालयावर धडकली. एका विद्यापीठाने अंग काढून घेतलं. मधलीचं काम गेलं. तिला फितूर म्हणणारे दोन्हीकडे निघाले.

पण बंद दाराआडच्या बैठका आता शक्यच नव्हत्या. गल्लीतली माणसं मॅडमच्या टेबलाशी बसू लागली, कडाकडा भांडली. सगळ्यात मोठा आवाज ताईचा. गल्ली उठायची काही टळली नाही. एवढंच झालं, की ती विखुरली नाही. टेकडीखालच्या नव्या इमारतींत सगळ्यांना शेजारी शेजारी जागा मिळाल्या.

मधलीने तिथल्याच तळमजल्यावर शिवणाचा वर्ग पुन्हा सुरू केला. बायका येतात; जुन्या दोघी-तिघी मात्र फिरकत नाहीत. ताई जिन्यात भेटली की "जेवलीस का?" एवढं विचारते, घरी ये म्हणत नाही.

"हो, आत्ताच," मधली खोटंच सांगते.