देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

‘सर्व माहिती पुसली जाईल. पुढे जायचे का?’ असा प्रश्न लॅपटॉपच्या पडद्यावर उभा होता आणि समोरच्या बाकावरून बाबाराव त्याला उत्तर देत होते.

“जाऊ द्या पुढं, गुरुजी. बॅकअप हाय.”

मी माउसवरचा हात काढून घेतला.

मंठ्याच्या मोंढ्याजवळ लॅपटॉप-दुरुस्तीचे हे दुकान मी निवृत्तीनंतर चालवतो. त्याआधीचे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो माझ्याकडे सोपवण्यात आला, कारण सर्वांत कमी विद्यार्थी माझ्या वर्गात असत. विद्या कोणत्या दाराने येईल हे सांगता येत नाही.

लहानपणी वेदपाठशाळेत मला एक शिस्त लागली होती. विधीला बसण्यापूर्वी साहित्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे; आवाहन झाल्यावर दर्भ आणायला धावता येत नाही. दुकानातही तोच नियम आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे लॅपटॉपचा सगळा कारभार पाहणारी व्यवस्था, बिघडली की ती पुसून नवी बसवावी लागते. पुसताना तिच्याबरोबर मालकाच्या फायलीही जातात. म्हणून त्यांची प्रत आधी दुसरीकडे ठेवायची, तिला बॅकअप म्हणतात. तो आहे असे गिऱ्हाइकाने सांगितले तरी मी त्याच लॅपटॉपला पेनड्राइव्ह जोडतो, गिऱ्हाइकासमोर एक फाइल उघडतो आणि मगच पुसतो. हा नियम आजवर चुकलेला नव्हता. निदान माझी तशी समजूत होती.

बाबाराव वाटूरचे मोसंबीवाले. लॅपटॉप त्यांच्या मुलीचा, कल्याणीचा. ती शेतकी कॉलेजात शिकते. मोसंबीची फळे पिकण्याआधीच का गळतात, यावर तिने प्रबंध लिहिला होता. दोन वर्षे तिने वडिलांच्याच बागेत गळलेली फळे वेचून तपासली होती. प्रबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि आदल्या आठवड्यात लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला. लॅपटॉप सुरू होई, थोडा वेळ चाले आणि आपण होऊन बंद पडे. सरांची सही आणण्यासाठी कल्याणी कॉलेजात गेली होती. संध्याकाळच्या बसने मंठ्याला उतरून ती इथूनच प्रिंट काढणार होती.

मी तिला फोन लावला. तिने सांगितले की सगळे पेनड्राइव्हवर घेतले आहे आणि पेनड्राइव्ह घरी देवापाशी आहे. घरातली तेवढीच एक जागा अशी, की तिथली वस्तू कुणी हलवत नाही. मुलीच्या शहाणपणाचे मला कौतुक वाटले. मी बाबारावांना तो आणायला सांगितले.

“आता वाटूरला जाऊन येऊ?” ते म्हणाले. “तुमचा देवावर भरवसा न्हाई का, गुरुजी?”

“देवावर आहे. पेनड्राइव्ह मी पाहिलेला नाही.”

कुरकुरत ते मोटारसायकलवर गेले आणि बऱ्याच वेळाने परतले. खिशातून धूतवस्त्राची पुरचुंडी काढून त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. आत पेनड्राइव्ह होता. त्याच्या तोंडात हळदीकुंकू घट्ट बसले होते, खाचेत अक्षतेचा एक दाणा होता आणि कडेला वाळलेल्या दुधाची पापडी होती.

“बाबाराव, याला काय केलेत?”

“बाकीच्या देवायला करतो तेच. पोरगी म्हनली, माझं समदं ह्याच्यात हाय. मंग खंडोबाच्या टाकाशेजारी बसवलं.”

“आणि अंघोळ?”

“ताम्हनात आल्यावर कुनाला वगळायचं? रोज पान्यानं, एकादशीला पंचामृतानं.”

पूजेत भेदभाव नसावा, हे मी जन्मभर लोकांना सांगत आलो आहे. त्यामुळे रागावण्याची सोय नव्हती. मी जेवढे निघाले तेवढे कुंकू काढले आणि पेनड्राइव्ह जोडला. लॅपटॉपने त्याची दखलही घेतली नाही.

बाबारावांना ते न सांगता कळले. त्यांचा आवाज खाली आला. “म्हंजे माझ्या हातानं गेलं का पोरीचं?”

मी म्हणालो की लॅपटॉप पुसलेला नाही, तोवर काहीच गेलेले नाही. कारभारी आजारी आहे, कोठारातले धान्य शाबूत असावे. माझ्याजवळच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर एक वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिच्यावर लॅपटॉप चालू केला की आजारी कारभाऱ्याला न उठवता कोठार उघडता येते. मग आतले सगळे माझ्या हार्ड डिस्कवर उतरवायचे. यात अर्धा दिवस जातो, म्हणून बॅकअप असलेले गिऱ्हाईक त्याला तयार होत नाही.

बाबाराव आता कशालाही तयार होते. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. ते तिच्याकडे पाहत नामस्मरण करत बसले. चहा आला तो निवून गेला. मी तोवर हाताला चाळा म्हणून त्यांचा पेनड्राइव्ह स्पिरिट आणि जुन्या ब्रशने स्वच्छ केला आणि टेबलावरच्या दिव्याखाली वाळत ठेवला.

दुपार कलता प्रबंध माझ्या कॉम्प्युटरवर उघडला. प्रकरणे, तक्ते, गळलेल्या मोसंब्यांचे फोटो, सगळे जागच्या जागी होते. बाबारावांनी पडद्याला नमस्कार केला. मग मी लॅपटॉप पुसला, नवी सिस्टिम बसवली आणि फायली तपासून परत ठेवल्या.

कल्याणी आली तेव्हा पेनड्राइव्ह वाळला होता. सहज म्हणून मी तो माझ्या कॉम्प्युटरला जोडला, आणि एवढी स्नाने पचवूनही तो चालू झाला. आत एकच चिन्ह होते, कोपऱ्यात वाकडा बाण असलेले. त्याला शॉर्टकट म्हणतात. ती फाइल नसते, फाइल कुठे आहे ते दाखवणारा पत्ता असतो. मुलीने डेस्कटॉपवरून प्रबंध म्हणून पत्ताच उचलला होता.

मी दोघांना सगळा हिशेब मांडून सांगितला. पेनड्राइव्ह कोरडा आला असता, तर माझ्या नियमाप्रमाणे मी तो त्याच लॅपटॉपला जोडला असता. बाणाने त्या लॅपटॉपमधलाच प्रबंध उघडून दाखवला असता. माझे समाधान झाले असते आणि मी निश्चिंत मनाने घर पाडून पत्ता जपून ठेवला असता.

कल्याणीचा चेहरा उतरला. “मी तर कॉपी केल्तं, गुरुजी,” एवढेच ती म्हणाली.

बाबारावांनी मात्र सगळे नीट ऐकून घेतले होते. “म्हंजे ह्यो कोरडा असता तर?”

“तर प्रबंध गेला असता.”

“आन् मी अंघोळ घातली म्हनून?”

“राहिला,” मला म्हणावे लागले.

त्यांनी पेनड्राइव्ह पुन्हा धूतवस्त्रात बांधला. “मंग ह्येला आता जागचं हलवायचं न्हाई.”

“बाबा, मी दुसरा घेते. त्याला तरी भिजवू नका,” कल्याणी म्हणाली.

“त्यो ठेव तुझ्या बॅगंत. देव्हाऱ्यात जागा न्हाई.”

प्रबंध वेळेवर पोहोचला. मी नियम बदलला: बॅकअप आता गिऱ्हाइकाच्या नव्हे, माझ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहतो. आणखी एक प्रश्नही विचारतो, पेनड्राइव्ह कुठे ठेवला होता. देव्हाऱ्यात असे उत्तर आले, तर तो न जोडताच संपूर्ण डिस्क उतरवून घेतो. परिणामी देव्हाऱ्यात बॅकअप ठेवणाऱ्या कुणाचीही एक फाइल माझ्या दुकानात आजवर हरवलेली नाही, आणि बाबाराव ही गोष्ट वाटूरमध्ये सगळ्यांना सांगत असतात.