गुरुवारची तालीम

व्हर्नेल टिबेट्सचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती ओल्या चादरींचे गाडे ढकलायची. पाठ दुखली तरी एक घडी वाकडी पडू द्यायची नाही. ती राहायची त्या गोऱ्यांच्या उपनगरात काळ्या माणसांचं घर तिचं एकच, आणि भाड्याला सरकारी मदत. दर गुरुवारी तिच्याकडे चर्चच्या गाण्याची तालीम असे. दारात गाड्या लागल्या की शेजारी पोलीस बोलवायचे. तक्रारी इतक्या साठल्या, की तिची मदत बंद करायची का, हा प्रश्न नगरसभेपुढे आला.

सभापतींनी पोलीस डेलाहंटीला उभं केलं. "इतक्यांदा गेलात, सापडलं काय?"

"पीचचा केक, साहेब. दर वेळी."

सभागृह खदखदून हसलं. व्हर्नेल उठली. "दारी आलेल्याला आम्ही उपाशी धाडत नाही. पण पोरा, एवढा केक हाणलास, आणि इथे काही गैर नाही हे एकदाही लिहिलं नाहीस?"

डेलाहंटीचे कान लाल झाले. "आत्ता लिहितो, बाई."

"लिही. आणि गुरुवारी गायला ये. खर्जातला आवाज कमी पडतोय."

मदत टिकली. पुढे पगारातून शिल्लक टाकत तिने तेच घर विकत घेतलं, आणि तालमीसाठी एक जुना पियानो.