दोराच्या टोकाचा माणूस

चौदा एप्रिलच्या जयंतीला सुट्टी न घेता गावाचे काम करायचे, असे आमच्या कारखान्यात ठरले. त्या वर्षी भऱ्याच्या सार्वजनिक विहिरीतील गाळ काढायचा होता. भरे माझेच गाव, आणि मी फोरमन. बौद्धवस्तीतला आमचा फिटर कमरेला दोर बांधून उतरला. दोर मी धरला. खाली माणूस असेपर्यंत दोर धरणाऱ्याने हात काढायचा नाही, हा कारखान्याचा नियम होता.

वर येताना तो निम्म्यात लटकत होता, तेव्हा माझा चुलतभाऊ काठ्या घेतलेल्या चौघांसह आला. बाकीचे कामगार पांगले.

“दादा, दोर सोड. आमच्या पाण्यात ह्याला कुणी उतरवला?”

“मी.”

“तुझ्यावर हात टाकायला लावू नगस.”

“मग टाकू नकोस.”

पहिली काठी पाठीवर बसली, दुसरी कानावर. तिसरी डाव्या हातावर बसली, आणि बोटे मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी दोर कमरेभोवती गुंडाळून कठड्याला पाय रोवले.

“सायेब, सोडू नगा!” खालून फिटर ओरडला.

कपारी धरत तो वर आला. त्याने काठी हिसकावून एकाच घावात भावाचा खांदा निखळवला. दुसरा घाव मी घालू दिला नाही. ते चौघे भावाला सावरत घेऊन गेले.

“गाळ राहिला आहे,” मी म्हणालो.

पांगलेले कामगार परतले. फिटरने पुन्हा कमरेला दोर बांधला.

त्या उन्हाळ्यात त्या विहिरीचे पाणी भावाच्या घरीही गेले. माझी करंगळी अजून वळत नाही.