ध्येयवेड्या बाई आणि आम्ही शहाणे

काल सकाळी शाळेच्या ओट्यावर शाळा समितीच्या बैठकीला जाऊन आलो, तेव्हापासून डोकं तापलंय. तेलगावच्या बाजूचं आमचं गाव. दिवाळी सरली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं... ट्रक आज निघणार होता.

सातवीतली रेखाही त्यात जाणार होती. आईबाप फडात ऊस तोडणार, आणि ही फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत तीन वर्षांच्या बहिणीला सांभाळणार. घरी आजी आहे, कोंडाबाई. पण तिला आता नीट दिसत नाही... पोरी कुणाच्या भरवशावर ठेवायच्या?

तिच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "आजी आणि दोघी बहिणी माझ्याकडे राहतील. मला दोन खोल्या आहेत. समितीनं फक्त माझ्या पाठीशी राहावं."

ऊसतोडीला माणसं नेणारा टोळीचा मुकादम हसला. "बाई, तुमी लई भावनिक हाव!"

त्याच्या शेजारी बसलेला लगेच म्हणाला, "भावनिक न्हाई बे, ध्येयवेड्या! पुतळा उभारू बाईंचा चौकात."

सगळे खदखदून हसले. आणि मीही हसलो...

संताप त्याचा आहे. शाळेत ध्येयाच्या कविता मी मूठ आवळून म्हणायचो. पुढे पोस्टात शिक्के मारतानाही त्याच ओठांवर असायच्या. 'ध्येयवेडा' असं आपल्याला कुणीतरी म्हणावं, अशी केवढी हौस होती तेव्हा!

हळवा, भाबडा, स्वप्नाळू, आदर्शवादी... एवढे सुंदर शब्द आपण शिव्यांसारखे कधी वापरायला लागलो? माइकसमोर डोळे पुसणाऱ्याला फ्लेक्सवर 'संवेदनशील नेतृत्व' म्हणायचं, आणि दोन खोल्यांतली एक खोली देणारीला हसायचं. लाज वाटायला हवी. मी तर समितीत 'शिक्षणप्रेमी सदस्य' आहे... प्रेम कसलं, चहा पिऊन सही करायची!

काल ओट्यावर हसणं चालूच होतं, तेवढ्यात भिंतीला टेकलेली कोंडाबाई काठी आपटून उठली.

"हसता कावून रं? ती येडी, आन तुमी शाणे? माज्या लेकाला पाचवीतून काढून उसात नेलं ते शाण्यांनीच. त्याच्या पोरी आता येडीच्या घरी ऱ्हातील."

रेखाचा बाप खाली मान घालून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "आय म्हणती तसं."

मुकादम पायात चपला सरकवून निघून गेला. कोंडाबाईनं चाचपडत ठरावाचं रजिस्टर जवळ ओढलं, आणि बाईंनी हात धरून दाखवलेल्या जागी अंगठा उठवला. मग पेन माझ्याकडे आलं. नावापुढचं 'शिक्षणप्रेमी' मी खोडलं, आणि नुसती सही केली.

आज ट्रक गेला. मी मुद्दाम शाळेवरून चक्कर मारली... रेखा दुसऱ्या बाकावर होती, आणि धाकटी वर्गाच्या दारात आजीच्या मांडीवर पेरू खात बसली होती.

कोंडाबाई, तुमच्या अंगठ्याखाली माझी सही आहे. या वयात मला तेवढी जागा मिळाली, पुष्कळ झालं.